द्विकर्णी ध्वनी आणि चित्ताची शांती : एक चिकित्सा

ध्यानसाधनेच्या नावाखाली ध्वनिमुद्रणांचा एक मोठा बाजार अलीकडे उभा राहिला आहे. कानांना हेडफोन लावून विशिष्ट ध्वनी ऐकला असता मेंदू तल्लख होतो, चिंता मावळते, गाढ झोप लागते, इतकेच नव्हे तर दीर्घ साधनेने लाभणारी समाधीही अर्ध्या तासात प्राप्त होते, असे दावे केले जातात. या ध्वनींना ‘बायनॉरल बीट्स’ असे नाव आहे. आम्ही त्यांना ‘द्विकर्णी स्पंद’ म्हणू. अशा अनेक मुद्रणांवर ध्यानस्थ बुद्धाचे चित्र छापलेले असते. तथागताच्या नावावर जे विकले जाते त्याची चिकित्सा करणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. एका कानात ४०० हर्ट्झचा आणि दुसऱ्या कानात ४१० हर्ट्झचा स्थिर स्वर एकाच वेळी सोडला, तर ऐकणाऱ्यास सेकंदाला १० वेळा होणारी एक थरथर जाणवते. ही थरथर दोन्हींपैकी कोणत्याही स्वरात नसते. ध्वनी कोणत्या दिशेने आला हे ठरविण्यासाठी मस्तिष्कस्तंभातील काही पेशी दोन्ही कानांकडून आलेल्या संदेशांची तुलना करीत असतात. त्या तुलनेतूनच ही जाणीव निर्माण होते. मूळ स्वर साधारण १००० हर्ट्झच्या खाली आणि त्यांतील फरक ३० हर्ट्झच्या आत असेल तरच ती स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाइनरिख व्हिल्हेल्म डोव्ह या प्रशियन शास्त्रज्ञाने ही घटना प्रथम नोंदविली. १९७३ साली जेराल्ड ऑस्टर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख लिहून ती सर्वपरिचित केली. ऑस्टर यांना तिचा उपयोग मुख्यतः संशोधनासाठी व काही मज्जाविकारांच्या निदानासाठी दिसत होता. १९७५ साली अमेरिकेतील रॉबर्ट मन्रो यांनी ध्वनीच्या साहाय्याने झोपेच्या अवस्था निर्माण करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळविले आणि पुढे ‘हेमी-सिंक’ या नावाने अशी मुद्रणे प्रसृत झाली.

या बाजाराचा सिद्धांत असा : मनुष्य शांत, मिटल्या डोळ्यांनी बसला असता त्याच्या मेंदूत ८ ते १३ हर्ट्झच्या ‘अल्फा’ लहरी दिसतात; म्हणून १० हर्ट्झचा स्पंद ऐकविला की मेंदू त्या लयीत येईल आणि मनुष्य शांत होईल. यातील तर्कदोष उघड आहे. पाऊस पडतो तेव्हा छत्र्या उघडतात, पण छत्री उघडल्याने पाऊस पडत नाही. लक्षणाला कारण मानणे हा कार्यकारणभावाचा विपर्यास आहे, आणि प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्यांनी तरी त्यास बळी पडू नये.

मात्र तर्क सदोष आहे म्हणून अनुभवही खोटाच असे म्हणता येत नाही. तो प्रयोगानेच तपासावा लागतो. २००५ साली ‘अॅनेस्थेशिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या १०८ रुग्णांचे तीन गट केले होते. द्विकर्णी स्पंद मिसळलेले मुद्रण ऐकणाऱ्यांची चिंता २६.३ टक्क्यांनी, स्पंदाविना तेच मुद्रण ऐकणाऱ्यांची ११.१ टक्क्यांनी आणि काहीच न ऐकणाऱ्यांची ३.८ टक्क्यांनी उतरली. २०१९ साली २२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यातही मध्यम स्वरूपाचा अनुकूल परिणाम आढळला. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २०२० च्या एका प्रयोगात मेंदूने या स्पंदांना प्रतिसाद दिला खरा, परंतु दोन्ही स्वर आधीच मिसळून ऐकविलेल्या साध्या स्पंदांना त्याचा प्रतिसाद अधिक प्रबळ होता. आणि मनःस्थितीत दोहोंमुळेही फरक पडला नाही. २०२३ च्या एका आढाव्यात मेंदूच्या लहरींविषयीचे १४ अभ्यास तपासले गेले. त्यांपैकी ५ लयबद्धतेच्या सिद्धांतास अनुकूल, ८ प्रतिकूल आणि १ संमिश्र निघाला. त्याच वर्षी १००० व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात घरी असे स्पंद ऐकणाऱ्यांची बुद्धिचाचणीतील कामगिरी उलट खालावलेली आढळली.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या दिल्या आहेत. जे बुद्धिसंगत व तर्कसंगत आहे, जे मानवाच्या कल्याणाशी निगडित आहे ते बुद्धवचन मानावे. आणि ज्या गोष्टींविषयी बुद्धाला निश्चिती नव्हती त्यांवरील त्याची मते तात्पुरती समजावीत, असे ते सांगतात. ही तिसरी कसोटी येथे लावण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता काही अंशी हलकी होऊ शकते, एवढे तात्पुरते विधान करता येते. बुद्धी वाढते, समाधी लागते, ही विधाने निश्चितपणे करण्यास आधार नाही. जो ती निश्चितपणे करतो आणि त्यांचे मोल घेतो, तो या कसोटीस उतरत नाही.

याहून मूलगामी प्रश्न धम्माचा आहे. संयुत्तनिकायातील वीणोपम सुत्तात एका राजाची कथा येते. वीणेच्या मधुर नादावर लुब्ध झालेला तो राजा म्हणतो, वीणा नको, मला नुसता नाद आणून द्या. पुष्कळ भागांच्या आणि वादकाच्या प्रयत्नाच्या योगाने नाद उत्पन्न होतो, हे सांगूनही त्याला पटत नाही. तो वीणेचे तुकडे करतो, ते जाळतो, राख वाऱ्यावर उडवितो. नाद काही सापडत नाही. द्विकर्णी स्पंद हे या बोधाचे उत्तम उदाहरण आहे. तो उजव्या कानात नाही, डाव्या कानात नाही; हेतूंच्या संयोगाने उत्पन्न होतो आणि एक कान उघडा केला की नष्ट होतो. साधकाने यातून स्पर्श, वेदना व अनित्यता यांचे ज्ञान घ्यावे. बाजार त्याला नुसती सुखद वेदना देतो. सतिपट्ठानात सुखद वेदना ही सुखद आहे असे जाणावयाचे असते. ती मिळविणे हे ध्येय नसते. यंत्राने आलेली शांती यंत्र काढताच संपते, आणि शील व प्रज्ञा होती तेथेच राहतात.

शिवाय दुःखाचे कारण जेथे आहे तेथेच ते शोधले पाहिजे. वसतिगृहात जातीवरून अपमानित होणाऱ्या विद्यार्थ्याची चिंता ही त्याच्या मेंदूतील लहरींचा बिघाड नव्हे. त्याला हेडफोन देऊन शांत करणे म्हणजे अन्यायाची जबाबदारी त्याच्याच डोक्यावर टाकणे होय. त्याला मैत्री, संघटन आणि न्याय हवा.

हाच निकष आम्हांला आमच्या विहारांनाही लावावा लागेल. अर्थ न समजता केवळ नादासाठी परित्तपाठाची मुद्रणे लावून ठेवणे आणि त्यांतून आपोआप मंगल होईल असे मानणे, हे त्याच भ्रमाचे घरगुती रूप आहे. वंदनेचे सामर्थ्य तिच्या अर्थाच्या आचरणात आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : ज्यास अशा ध्वनीने झोप लागते त्याने तो मंद आवाजात खुशाल ऐकावा. त्यासाठी कर्ज काढू नये, डॉक्टरांचे औषध थांबवू नये आणि त्यास ध्यान म्हणू नये. केसमुत्तीच्या कालामांना तथागताने सांगितले होते की, ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका. ज्या उपासक-उपासिकांच्या हाती असे मुद्रण येईल, त्यांनी ते कानांना लावण्यापूर्वी हा उपदेश स्मरावा.