समाजमाध्यमे, बालविकास आणि युवकांचे शिक्षण : विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांची चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन स्तरावर संशोधन प्रकल्प ही आता ऐच्छिक बाब राहिलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी १२ श्रेयांकांचा प्रकल्प ठेवला आहे. महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही २०२३-२४ पासून संशोधन प्रकल्पास स्वतंत्र श्रेयांक मिळाले. अध्यापक महाविद्यालयांतील कृतिसंशोधन त्याहून जुने आहे. परिणामी शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, गृहविज्ञान आणि वाणिज्य अशा एरवी परस्परांशी फारसा संबंध न ठेवणाऱ्या विभागांतून दरवर्षी जवळजवळ एकाच शीर्षकाचे प्रकल्प सादर होताना दिसतात. ‘समाजमाध्यमांचा युवकांच्या शिक्षणावर होणारा परिणाम : एक अभ्यास’ हे ते शीर्षक होय. ‘युवक’ या शब्दाच्या जागी ‘बालक’ आणि ‘शिक्षण’ या शब्दाच्या जागी ‘विकास’ घातला की दुसरा प्रकल्प तयार होतो.

प्रस्तुत लेखात अशा प्रकल्पांच्या रचनेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. मार्गदर्शक व परीक्षक या नात्याने वाचनात आलेले प्रकल्प हा तिचा आधार असून कोणतेही एक महाविद्यालय वा विभाग येथे अभिप्रेत नाही. विषय क्षुल्लक आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत मुळीच नाही. उलट तो इतका महत्त्वाचा आहे की त्याचा असा साचा होणे परवडणारे नाही.

गृहीतक की परिकल्पना?

मराठीतील संशोधन-परिभाषेत ‘गृहीतक’ आणि ‘परिकल्पना’ या दोन संज्ञा भिन्न अर्थाच्या आहेत. जे पुराव्याविना मान्य करून पुढे जावयाचे ते गृहीतक. जे पुराव्यावर तपासावयाचे, प्रसंगी खोटे ठरू द्यावयाचे ती परिकल्पना. बहुसंख्य प्रकल्पांत ‘गृहीतके’ या मथळ्याखाली परिकल्पना लिहिलेल्या असतात. वरकरणी ही परिभाषेची चूक वाटते. परंतु पुढील प्रकरणे वाचली की विद्यार्थ्याने नकळत खरेच लिहिले होते, असे ध्यानात येते. ‘समाजमाध्यमांमुळे विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर विपरीत परिणाम होतो’ हे विधान पहिल्या प्रकरणात जसे असते, तसेच ते पाचव्या प्रकरणात निष्कर्ष म्हणून येते. मधल्या काळात त्याला कोणतीही इजा झालेली नसते.

येथे एक विसंगती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हे लिहिणारा विद्यार्थी स्वतः वीस-बावीस वर्षांचा असतो. त्याची प्रश्नावली गूगल फॉर्मवर तयार होते, व्हॉट्सअॅपच्या समूहांतून फिरते आणि तिचे प्रतिसाद त्याच्या मोबाईलवरच जमा होतात. तरीही प्रस्तावनेत तो ‘आजची तरुण पिढी मोबाईलच्या आहारी गेली आहे’ असे लिहितो. ही भाषा त्याची नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांची, स्नेहसंमेलनातील प्रमुख पाहुण्यांची आणि, हेही मान्य करावयास हवे, आपली अध्यापकांची आहे. ज्या गटाचा तो अभ्यास करतो त्या गटाचा तो सदस्य आहे, ही संशोधनदृष्ट्या केवढी अनुकूल गोष्ट! रात्री झोपण्यापूर्वी मोबाईल नेमका कशासाठी उघडला जातो, अभ्यासाचा व्हिडिओ पाहता पाहता दुसरीकडे मन कोठे वळते, समूहातून बाहेर पडण्याची भीती का वाटते, हे त्याला आतून ठाऊक असते. प्रकल्प लिहिताना मात्र तो हे सर्व ज्ञान दाराबाहेर काढून ठेवतो.

नमुना व मोजमाप

नमुना निवडीसंबंधी थोडक्यात सांगता येईल. क्रेजसी व मॉर्गन यांच्या १९७० मधील तक्त्यानुसार मोठ्या जनसंख्येसाठी ३८४ हा आकडा येतो. तो यादृच्छिक निवडीसाठी आहे. स्वतःच्या संपर्कयादीला पाठविलेल्या दुव्यावर ३८४ प्रतिसाद आले म्हणून तो नमुना यादृच्छिक ठरत नाही, आणि ‘यादृच्छिक पद्धतीने निवड केली’ असे लिहिल्यानेही ठरत नाही. त्यातही समाजमाध्यमांच्या वापराचा अभ्यास समाजमाध्यमांवरूनच प्रश्नावली पाठवून केला, तर जो वापरत नाही तो नमुन्यात येणार कसा?

मोजमापाचा प्रश्न याहून गंभीर आहे. ‘आपण दररोज किती वेळ समाजमाध्यमांवर घालविता?’ या प्रश्नाखाली ‘१ ते २ तास’, ‘२ ते ३ तास’ असे पर्याय असतात. बरोबर दोन तास वापरणाऱ्याने कोठे खूण करावी, हा भाग सोडून देऊ. माणसाला स्वतःच्या वापराचा अंदाज मुळातच नीट करता येत नाही. पॅरी व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेव्हिअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संकलित विश्लेषणात, लोकांनी सांगितलेला वापर आणि उपकरणात नोंदला गेलेला वापर यांच्यात मोठी तफावत दाखवून दिली आहे. अँड्रॉइड व आयफोन या दोन्ही प्रकारच्या फोनांत २०१८ पासून वापराची नोंद ठेवणारी सोय आहे. उत्तरदात्याच्या संमतीने ती नोंद उतरवून घेणे हे अवघे दोन मिनिटांचे काम. परंतु एकाही प्रकल्पात ते केलेले आढळले नाही.

शिवाय ‘तास’ हे एकक सर्व वापर एकाच मापाने मोजते. स्पर्धा परीक्षेच्या टेलिग्राम वाहिनीवर प्रश्नसंच सोडविणारी मुलगी आणि रील्स पाहत बसलेला तिचा वर्गमित्र या दोघांचे दोन तास तक्त्यात एकाच रकान्यात पडतात. महाविद्यालयाच्या परीक्षा अर्जाची अंतिम तारीख ज्या समूहावर कळते, तो समूह पाहणे हाही ‘समाजमाध्यमांचा अतिवापर’ ठरतो.

याउलट ‘असर’ या सर्वेक्षणाचे उदाहरण पाहावे. ‘असर २०२३’ मध्ये २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील ३४,७४५ युवकांना त्यांच्या घरी जाऊन भेटण्यात आले. मोबाईल वापरता येतो का, एवढेच विचारून सर्वेक्षक थांबले नाहीत. गजर लावून दाखव, माहिती शोधून दाखव, यूट्यूबवरील एखादा व्हिडिओ शोधून पाठवून दाखव, अशी कामे त्यांनी प्रत्यक्ष करून घेतली. मत विचारणे आणि कृती पाहणे यांतील अंतर विद्यार्थ्याला समजावून देण्यासाठी याहून सुलभ उदाहरण क्वचितच मिळेल. राष्ट्रीय स्तरावरील यंत्रणेची बरोबरी विद्यार्थ्याने करावी, अशी अपेक्षा नाही. पण दहा मुलांसमोर बसून हेच करणे त्याला अशक्य नाही.

‘परिणाम’ हा शब्द

शीर्षकातील ‘परिणाम’ या शब्दाने कार्यकारणभावाचा दावा होतो. पाच गुणांच्या श्रेणीवरील मतांची शेकडेवारी काढून तो सिद्ध होत नाही. ज्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही तोच मोबाईलकडे अधिक वळत असेल, ही शक्यता प्रकल्पांत विचारातही घेतली जात नाही. ऑर्बन व शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये अमेरिका व ब्रिटनमधील तीन मोठ्या सर्वेक्षणांतील एकूण ३,५५,३५८ किशोरवयीनांच्या माहितीचे विश्लेषण केले. डिजिटल साधनांचा वापर व मानसिक स्वास्थ्य यांच्यात त्यांना ऋण संबंध आढळला. परंतु स्वास्थ्यातील फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के भागाचेच स्पष्टीकरण त्या वापराने होत होते. नियमितपणे बटाटे खाण्याशी असलेला स्वास्थ्याचा संबंधही जवळजवळ तितकाच ऋण निघाला! एकाच माहितीचे विश्लेषण किती वेगवेगळ्या रीतींनी करता येते आणि त्यानुसार उत्तर कसे बदलते, हा त्या लेखाचा खरा धडा आहे.

यावरून समाजमाध्यमे निरुपद्रवी आहेत असा निष्कर्ष काढणे ही दुसरी घाई होईल. जोनाथन हाइट यांच्या २०२४ मधील ग्रंथाने नेमकी उलट बाजू जोरकसपणे मांडली आणि तिच्यावर अभ्यासकांत तीव्र वाद झाले. ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव करणारा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. म्हणजे प्रश्न जिवंत आहे. विद्यार्थ्याच्या ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या प्रकरणात मात्र या वादाची चाहूलही नसते. तेथे एकमेकांशी सहमत असणारे दहा लघुशोधनिबंध क्रमाने मांडलेले असतात.

बालक कोठे आहे?

बालविकासावरील प्रकल्पांत सर्वांत ठळकपणे जाणवते ती बालकाची अनुपस्थिती. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या भाषाविकासावरील प्रकल्पात माहिती मातांकडून भरून घेतलेली असते. ‘आपले मूल मोबाईलमुळे चिडचिडे झाले आहे असे आपणास वाटते काय?’ हा प्रश्न उत्तर बरोबर घेऊनच येतो. मूल काय बोलते, कोणाशी बोलते, मोबाईल हातातून काढून घेतल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ते काय करते, याची एकही नोंद संपूर्ण प्रकल्पात सापडत नाही.

महाराष्ट्रात हे घडावे याचे अधिक वैषम्य वाटते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले व पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. तेथील अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना प्रश्नावलीतून निघाल्या नाहीत. मुले शाळेत का येत नाहीत हे पाहताना, ती अंगणात असतात, गुरांमागे कुरणावर असतात, हे दिसले आणि शाळा तेथे गेली. खडे, शिंपले, बिया, पाने ही शैक्षणिक साधने झाली, कारण मुलांच्या हातात तीच होती. आज मुलाच्या हातात मोबाईल असेल, तर त्या हाताकडे तितक्याच लक्षपूर्वक पाहावयास हवे. पियाजे यांनी आपल्या तीन अपत्यांच्या निरीक्षणांवर ग्रंथ उभे केले, हे आपण वर्गात शिकवितो. परंतु विद्यार्थ्याने शेजारच्या एका मुलाच्या महिनाभराच्या नोंदी आणल्या, तर ‘नमुना फार लहान आहे’ असा शेरा देतो.

संमतीविषयी येथेच सांगणे योग्य ठरेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या बालकांसंबंधीच्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकांच्या संमतीखेरीज सात वर्षांवरील मुलाची स्वतःची अनुमतीही अपेक्षिली आहे. ती जैववैद्यकीय संशोधनापुरती असली, तरी तिच्यामागील विचार शिक्षणशास्त्रास परका नसावा. शाळेच्या मुख्याध्यापकांचे परवानगीपत्र परिशिष्टात जोडले की संमतीचा विषय संपला, अशी सर्वत्र समजूत दिसते. मूल ‘नको’ म्हणाले होते काय, हे कोणीच लिहीत नाही.

परिशिष्टात राहिलेले संशोधन

असे असूनही या प्रकल्पांत काही मौलिक सापडते, ते बहुधा मुख्य प्रकरणांबाहेर. ग्रामीण भागातील एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पात ‘संशोधन करताना आलेल्या अडचणी’ या मथळ्याखाली तीन-चार ओळी होत्या. काही मुलींनी प्रश्नावली लगेच भरली नाही, कारण घरातील मोबाईल सायंकाळपर्यंत वडिलांकडे असतो आणि नंतर भावाच्या हाती जातो; मुलींची पाळी भांडी झाल्यावर येते. विद्यार्थिनीने ही अडचण म्हणून नोंदविली होती आणि मार्गदर्शकांनी ‘मर्यादा’ या सदरात हलवावी, असे पेन्सिलीने सुचविले होते. वस्तुतः संपूर्ण प्रकल्पातील हाच निष्कर्ष होता. ‘असर २०२३’ नुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या युवकांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के होते. ती आकडेवारी घराघरांत कशी घडते, कोणाच्या पाळीने, कोणत्या कामानंतर, हे त्या चार ओळींत उतरले होते. आणि त्याच प्रकल्पाच्या पाचव्या प्रकरणात ‘मुली समाजमाध्यमांचा वापर मुलांपेक्षा कमी करतात, यावरून त्यांची अभ्यासाविषयीची जाणीव अधिक असल्याचे दिसून येते’ असे लिहिले होते.

विषयांची उणीव आहे असेही नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. वृत्तपत्रांनी त्याची वाखाणणी केली. अशा उपक्रमाकडे संशोधक म्हणून पाहणाऱ्या विद्यार्थ्याने काय विचारावे? त्या दीड तासात कोणत्या घरी पुस्तक उघडले जाते आणि कोणत्या घरी ते स्वयंपाकाच्या कामात जातात. शेतावरून उशिरा परतणाऱ्या कुटुंबात भोंग्याला काय अर्थ उरतो. ज्याचा अभ्यासच मोबाईलवरील व्हिडिओंतून चालतो तो अकरावीचा मुलगा साडेआठपर्यंत काय करतो. यासाठी काय-वर्ग परीक्षिकेची आवश्यकता नाही. आठवडाभर गावात सायंकाळी हजर राहण्याची आहे.

अडचण अशी की आपल्या मूल्यमापनाच्या तक्त्यात हजर राहण्यास गुण नाहीत. प्रकरणांची संख्या, संदर्भसूची, आलेख, बांधणी आणि सादरीकरण यांना आहेत. विषय निश्चिती ते सादरीकरण हा संपूर्ण प्रवास एका सत्रात, बहुधा अंतर्गत परीक्षा आटोपल्यावर उरलेल्या पाच-सहा आठवड्यांत व्हावयाचा असतो आणि एका मार्गदर्शकाकडे कधी कधी अख्खी तुकडी सोपविलेली असते. अशा स्थितीत दुवा पाठवून प्रतिसाद गोळा करणे ही विद्यार्थ्याची शहाणी निवडच म्हणावी लागेल. अभ्यास मंडळांनी निदान एवढे करावे की क्षेत्रीय नोंदवही प्रकल्पाबरोबर सादर करणे अनिवार्य ठरवावे, तिला गुणांचा निम्मा वाटा द्यावा आणि मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तिच्यातूनच विचारावा. ‘तुम्हाला अपेक्षित नव्हते असे काय दिसले?’ हा तो प्रश्न असावा.