प्रतिसाद कोणाचा?

‘प्रतिसाद’ हा शब्द आपण समीक्षेत सढळ हाताने वापरतो. कर्करोगाच्या शोधनिबंधांत त्याला काटेकोर माप आहे. गाठींच्या व्यासांची बेरीज निदान ३० टक्क्यांनी घटली, तर तो ‘आंशिक प्रतिसाद’. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात लक्ष्यवेधी औषध कोणाला लागू पडेल, याचे भाकीत करणारे निबंध मी काही वर्षे वाचतो आहे. मी डॉक्टर नाही, मजकुराचा वाचक आहे. हे भाकीत कोणाकडे पाहून केले, एवढेच मी त्यात शोधतो.

गोष्टीची सुरुवात जोरकस आहे. २००२ साली ब्रिटनमधील सँगर संस्थेच्या संशोधकांनी मेलॅनोमात बीआरएएफ जनुकातला बिघाड दाखवला. प्रथिनात सहाशेव्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते आणि पेशीला वाढीचा हुकूम अखंड मिळत राहतो. हा हुकूम अडवणारे व्हेमुराफेनिब २०११ साली अमेरिकेत मंजूर झाले. ६७५ रुग्णांच्या चाचणीत ४८ टक्क्यांनी प्रतिसाद दिला. जुन्या केमोथेरपीला ५ टक्क्यांनी. हे आकडे सगळीकडे उद्धृत होतात. त्या चाचणीत बिघाड असलेलेच रुग्ण घेतले होते, हे मात्र वाचताना निसटते. म्हणजे प्रतिसाद न देणाऱ्यांतही तोच बिघाड होता! रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळही जेमतेम ५.३ महिने.

‘लक्ष्यवेधी’ म्हटले की आपल्याला अर्जुनाचा पोपट आठवतो, डोळा तेवढा दिसणारा. पण इथे झाडही पाहावे लागते. आतड्याच्या कर्करोगात नेमका हाच बिघाड असला तरी एकटे व्हेमुराफेनिब क्वचितच चालते. एक वाट अडवली की पेशी ईजीएफआर नावाची दुसरी वाट उघडते, हे २०१२ मध्ये उलगडले.

२०१९ साली डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या जोडीचा ५६३ रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. ३४ टक्के जिवंत होते. ज्यांचे एलडीएच सर्वसाधारण होते आणि रोग तीनपेक्षा कमी अवयवांत होता, त्यांच्यात ५५ टक्के. एलडीएच ही रक्ताची साधी, स्वस्त तपासणी. एवढ्या जनुकशास्त्रानंतर भाकिताचा भार तिच्यावर यावा, हे मला या साहित्यातले सर्वांत प्रामाणिक पान वाटते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मी कर्जतचा, रायगडच्या नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. ज्वारीच्या रानात अनवाणी चालणारे पाय इथे रोज दिसतात. आपल्याकडे मेलॅनोमा दुर्मीळ, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. गोऱ्या कातडीच्या मेलॅनोमात सुमारे निम्म्यांत सापडणारा बीआरएएफचा बिघाड इथे बराच कमी. काहींत त्याऐवजी किट जनुक बिघडलेले असते. २०१५ साली ३३३ नमुन्यांवरून मेलॅनोमाचा जनुकीय नकाशा छापला गेला. ते नमुने बहुतांशी गोऱ्या रुग्णांचे. भाकिताची गणिते अशाच नकाशांवर शिकतात. शीर्षकात ‘त्वचा’ आणि आत एकाच रंगाची त्वचा, ही मला संपादकीय चूक वाटते.

वेगळे वाचन मुंबईत होऊन गेले आहे. १९४५ साली डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी धोतर घट्ट बांधण्याच्या जागी, कमरेला होणारा त्वचेचा कर्करोग नोंदवला. तो मेलॅनोमा नव्हे. पण त्यांनी आधी माणसाची वहिवाट पाहिली, मग सूक्ष्मदर्शक लावला.

तळपायावरचा काळा डाग इथे कुरूप समजला जातो, किंवा मोडलेला बाभळीचा काटा. तो ब्लेडने कापून फेकला जातो. त्या तुकड्याची ऊतितपासणी झालीच नाही, तर जनुक कोणते बिघडले हे विचारायला हाती काहीच राहत नाही, आणि पुढच्या नकाशातही तो पाय येत नाही.