चुकलेली ओळख आणि प्रेक्षकाचे मत : ‘रेविझोर’ व त्याची चित्रपटरूपे

विनोदी कलाकृतीविषयी प्रेक्षकांनी दिलेल्या मतांना समीक्षेत फार तर पुराव्याचे स्थान मिळते. संहितेचे स्थान मिळत नाही. प्रयोग रंगला, चित्रपट पडला, हशा आणि टाळ्या मिळाल्या, अशा नोंदींपलीकडे प्रेक्षकाचे मत जात नाही आणि समीक्षकही त्याला जाऊ देत नाही. निकोलाय गोगोलच्या ‘रेविझोर’ या नाटकाने ही सोय ठेवलेली नाही. जुन्या रशियन कालगणनेनुसार १९ एप्रिल १८३६ रोजी पीटर्सबर्गच्या अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यानंतर उठलेल्या मतांच्या गदारोळाने व्यथित होऊन गोगोलने त्याच वर्षी देश सोडला. पण ती मते त्याने सोडली नाहीत. १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नव्या विनोदी नाटकानंतर नाट्यगृहातून बाहेर पडताना’ या संवादिकेत नाटककार नाट्यगृहाच्या प्रवेशदालनात लपून उभा राहतो आणि बाहेर पडणाऱ्यांची मते ऐकतो. प्रेक्षकमत हाच जिचा विषय आहे अशी ही नाट्यकृती. वाचककेंद्री समीक्षेची परिभाषा यायला तेव्हा शतकाहून अधिक काळ जायचा होता.

या प्रवेशदालनातील आक्षेप तपासण्यासारखे आहेत. नाटकात एकही सज्जन पात्र नाही, प्रेमकथा नाही, म्हणून खरे कथानकही नाही, अशा दुष्कृत्यांचे जाहीर प्रदर्शन करणे राज्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, हे त्यांतील ठळक सूर. प्रेमकथेच्या आक्षेपाला गोगोल एका रसिकाच्या तोंडून उत्तर देतो : हुद्दा, पैसा आणि फायद्याचा विवाह यांच्यात आता प्रेमापेक्षा अधिक विद्युत्शक्ती आहे. सज्जन पात्राच्या आक्षेपाला त्याचे उत्तर असे की, या नाटकात एक सज्जन पात्र आहे आणि ते म्हणजे हास्य. हे उत्तर समीक्षकांनी इतक्या वेळा उद्धृत केले आहे की, त्यामागचा प्रश्न झाकला गेला. आक्षेप घेणारा प्रेक्षक मूर्ख नव्हता. रंगमंचावर आपल्याला उभे राहायला जागा नाही, हे त्याने अचूक ओळखले होते.

ही जागा का नाही, याचे कारण नाटकाच्या रचनेत आहे. आडगावच्या खाणावळीत बिल थकवून बसलेला ख्लेस्ताकोव हा पीटर्सबर्गचा क्षुद्र कारकून. बोब्चिन्स्की आणि दोब्चिन्स्की सामन मासा खात असताना तो त्यांच्या ताटांत डोकावून पाहतो. डोकावण्याचे कारण भूक. पण त्या दोघांना त्यात तपासणी दिसते आणि सारे शहर त्या नजरेवर विश्वास ठेवते. गैरसमजावर आधारलेल्या प्रहसनात एरवी तोतया स्वतःची खरी ओळख जाणत असतो आणि प्रेक्षक त्याचा गुप्त भागीदार असतो. इथे चौथ्या अंकापर्यंत ख्लेस्ताकोवलाच आपल्याला कोण समजले जात आहे याचा पत्ता नाही. मेजवानीच्या मद्याच्या भरात तो थापा मारतो तेव्हा तो कोणाला फसवत नसतो. त्या क्षणी तो खरोखरच तो मोठा माणूस झालेला असतो. पहिल्या प्रयोगातील नट द्यूर याने त्याला ठरीव सोंगाड्या, थापेबाज केला, ही गोगोलची तक्रार याच कारणाने होती. जाणता लबाड रंगमंचावर आला की प्रेक्षकाला सोबती मिळतो आणि तो सुरक्षित होतो. (चौथ्या अंकात काढता पाय घेण्याचे शहाणपण सुचते ते ओसिप या नोकराला, हेही गोगोलचेच.)

हेन्री कोस्टरच्या ‘द इन्स्पेक्टर जनरल’ (१९४९) या अमेरिकी चित्रपटाकडे या दृष्टीने पाहिले, तर तो गोगोलचा विपर्यास आहे ही नेहमीची तक्रार अपुरी ठरते. डॅनी के याचा गिऑर्गी हा भटक्या औषधविक्याचा निरक्षर मदतनीस. औषध खोटे असल्याचे एका म्हातारीला सांगून टाकल्यामुळे त्याला मालकाने हाकललेले आहे. त्याची फाशी टळते ती अधिकारी समजला गेल्यामुळे. पुढे मालक याकोव येऊन त्याला लाच गोळा करायला शिकवतो, त्याचे प्रेम जमते आणि शेवटी खरा निरीक्षक त्यालाच नगरप्रमुख करतो. सज्जन पात्र, प्रेमकथा, राज्यकर्त्याची न्यायबुद्धी : १८३६ च्या प्रवेशदालनात जे जे मागितले गेले, ते सर्व या चित्रपटाने पुरवले. तो गोगोलच्या नाटकाचे रूपांतर जितका आहे, त्याहून अधिक गोगोलच्या प्रेक्षकांचे रूपांतर आहे. चित्रपट हसवतो, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. डॅनी केची शरीरभाषा आणि सिल्व्हिया फाइनची गाणी यांचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पण याकोव पडद्यावर आला की गावाचे अज्ञान आणि प्रेक्षकाचे ज्ञान यांच्यामध्ये एक जाणता मध्यस्थ उभा राहतो. मग भ्रष्ट गाव ‘त्यांचे’ होते.

चेतन आनंद दिग्दर्शित ‘अफसर’ (१९५०) हा नवकेतनचा पहिला चित्रपट याच कथेवर बेतलेला. देव आनंद आणि सुरैय्या ही जोडी, सचिनदेव बर्मन यांचे संगीत. म्हणजे प्रेमकथेची मागणी इथे आधीच मान्य झालेली होती. तरीही चित्रपट चालला नाही. नव्या प्रजासत्ताकाच्या प्रेक्षकाला सरकारी अधिकाऱ्यांची थट्टा पचली नाही, असे स्पष्टीकरण सुचणे सोपे आहे. मात्र तिकीटबारीच्या आकड्यातून मत वाचण्याची ही रीत फसवी असते. मागणीप्रमाणे पुरवठा केला की प्रेक्षक तृप्त होतो, हे गृहीतकच या चित्रपटाच्या अपयशाने संशयास्पद ठरते, एवढेच म्हणता येईल.

पु. ल. देशपांडे यांनी हीच कथा ‘अंमलदार’ या नावाने १९५२ मध्ये मराठीत आणली. शीर्षकातला बदल केवळ स्थानिकीकरणाचा नाही. ‘रेविझोर’ म्हणजे पुन्हा पाहणारा, तपासणारा. ‘अंमलदार’ म्हणजे अंमल चालवणारा. पाहणे जाऊन हुकमत आली. आणि मराठीत अंमल नशेचाही असतो. ख्लेस्ताकोववर चढलेला आणि गावावर चढलेला असे दोन्ही अंमल या एका शब्दात येतात, जे मूळ शीर्षकात नाही. भाषांतराच्या चर्चेत काय हरवले याची यादी करण्याची सवय जडलेल्या अभ्यासकाने अशा मिळकतीचीही नोंद ठेवावी.

भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे भेद केले : स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसवणे. गोगोलने १८४२ च्या आवृत्तीत नगरप्रमुखाला थेट प्रेक्षकांकडे वळवले आणि तुम्ही स्वतःलाच हसत आहात, या आशयाचे वाक्य त्याच्या तोंडी घातले. त्यामुळे एक तिसरीच अवस्था निर्माण झाली : हसणारा आणि हास्याचा विषय एकच. रसचर्चेतील सहृदय या संकल्पनेला हा ताण सोसत नाही, कारण सहृदयाचे तादात्म्य पूर्वग्रहमुक्त असावे लागते आणि इथे तर तो आरोपी आहे. स्वतः गोगोललाही तो सोसला नाही. १८४६ च्या ‘उकली’त त्याने हे शहर म्हणजे माणसाचे अंतःकरण आणि खरा निरीक्षक म्हणजे सदसद्विवेक, असा रूपकार्थ लावला. नगरप्रमुखाची भूमिका गाजवणाऱ्या मिखाईल श्चेप्किनने तो नाकारला. ही जिवंत माणसे आहेत, ती माझ्यापासून काढून घेऊ नका, असा त्याच्या पत्राचा आशय आहे. त्या वादात नट लेखकापेक्षा अधिक बरोबर होता.

कारण ‘तुम्ही स्वतःलाच हसता’ हा आरोप सर्वांवर सारखा लागू होत नाही. चौथ्या अंकात व्यापारी गाऱ्हाणी घेऊन येतात; त्यांच्यामागून एका हवालदाराची विधवा येते, जिला विनाकारण फटके मारले गेले आहेत. तिने स्वतःच स्वतःला फटके मारले, असे स्पष्टीकरण नगरप्रमुख पुढे देतो आणि त्यावर नाट्यगृह हमखास हसते. हे हास्य नगरप्रमुखाच्या निर्लज्जपणाला असते, हे मान्य. पण सर्वांनाच आरसा दाखवणाऱ्या सिद्धांतात ही बाई कुठे बसते? तिचा गैरसमज ख्लेस्ताकोवविषयीचा आहे, अधिकाऱ्यांविषयीचा नाही. त्यांना तिने बरोबर ओळखले आहे. कोस्टरच्या चित्रपटात अशी माणसे सुटकेचा आनंद मानणाऱ्या गर्दीत मिसळून जातात. गोगोलच्या प्रवेशदालनातून बडे अधिकारी, साहित्यिक, स्त्रिया, लहान गावातला साधा नोकरदार, शेतकऱ्याच्या वेषातला माणूस, असे कितीतरी प्रेक्षक मत देत बाहेर पडतात. फटके खाल्लेली बाई त्यांत नाही.