निवड आणि नकार : ख्रिस्ती शिकवणीतील ‘देवाची निवडलेली प्रजा’

‘निवडणे’ हे मराठीतील क्रियापद दुहेरी अर्थाचे आहे. तांदूळ निवडताना दाणे सुपात राहतात आणि खडे बाहेर पडतात; घेण्याच्या कृतीतच टाकण्याची कृती अनुस्यूत असते. ‘देवाची निवडलेली प्रजा’ ही ख्रिस्ती संकल्पना मराठीत याच क्रियापदाच्या आधारे रुजली असल्याने तिच्यातील मूलभूत प्रश्न मराठी वाचकास भाषेतूनच जाणवतो. ईश्वराने एका समूहास निवडले, तर उरलेल्यांचे काय? आणि प्रथम निवडलेल्यांच्या जागी दुसरे आले, तर पहिल्यांचे काय? यांपैकी दुसऱ्या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने दीर्घकाळ दिलेले उत्तर तिच्याच मूळ संहितेशी कितपत सुसंगत आहे, याची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

जुन्या करारात ही संकल्पना गौरवाइतकीच जबाबदारीची आहे. अब्राहामाला दिलेल्या वचनात (उत्पत्ती १२) पृथ्वीवरील सर्व कुळांच्या कल्याणाचा हेतू आरंभीच नोंदविलेला आहे. अनुवादाच्या सातव्या अध्यायात इस्राएलाची निवड त्याच्या संख्याबळामुळे झालेली नसून केवळ ईश्वरी प्रेमामुळे व पूर्वजांना दिलेल्या शपथेमुळे झाली, असे बजावले आहे. आमोस संदेष्टा तर याच निवडीचा आधार घेऊन अधिक कठोर शिक्षेची घोषणा करतो (३:२) आणि पुढे पलिष्टी व अरामी यांची स्थलांतरेही त्याच ईश्वराने घडविली, असे सांगून इस्राएलाच्या अहंतेला छेद देतो (९:७). अर्थात जुन्या करारातील सर्वच स्तर असे आत्मपरीक्षण करणारे नाहीत. कनानातील जमातींच्या संहाराचे आदेशही निवडीच्याच भाषेत येतात, आणि त्या भागांकडे डोळेझाक करून काढलेला कोणताही निष्कर्ष अपुरा ठरेल.

नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:९-१०) निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आणि यशयातील बिरुदे ख्रिस्ती मंडळीस जवळजवळ जशीच्या तशी लावली आहेत. त्याला जोडून होशेयाच्या ग्रंथातील ‘प्रजा नसलेले’ ही उपाधी येते. पूर्वी जे प्रजा नव्हते, ते आता देवाची प्रजा झाले. लक्षणीय बाब अशी की, या पत्रात ‘इस्राएल’ हा शब्द एकदाही येत नाही. ज्यांची बिरुदे घेतली, त्यांच्याविषयी मौन आहे. आशिया मायनरमधील विखुरलेल्या, उपरे मानल्या गेलेल्या लहान समूहांना धीर देण्यासाठी ही भाषा वापरली गेली, हे ध्यानात घेतल्यास ते मौन समजण्यासारखे आहे. परंतु इ. स. ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला आणि तीच बिरुदे सत्ताधाऱ्यांच्या मुखी आली. दुर्बलाचा दिलासा आणि सबळाचा दावा यांचे शब्द एकच असले, तरी त्यांचे परिणाम भिन्न होतात.

दुसऱ्या शतकातच जस्टिन मार्टरने त्रुफोबरोबरच्या संवादात ख्रिस्ती मंडळी हीच खरी इस्राएल असल्याचे प्रतिपादन केले होते. ऑगस्टिनने यहुद्यांच्या जीविताचे रक्षण मान्य केले, पण ख्रिस्ती सत्याचे पराभूत साक्षीदार म्हणूनच. मार्टिन ल्यूथरच्या १५४३ मधील यहुदीविरोधी ग्रंथात तर सभास्थाने व घरे उद्ध्वस्त करण्याचा सल्ला दिलेला आढळतो. निवडीच्या सिद्धांताचे रूपांतर स्थानापहाराच्या सिद्धांतात झाले, ते असे.

या परंपरेला सर्वांत समर्थ आक्षेप पौलाच्या रोमकरांस पत्रातच आहे, हा इतिहासातील मोठाच विरोधाभास होय. अकराव्या अध्यायात पौल जैतुनाच्या झाडाचे रूपक योजतो. काही मूळ फांद्या तोडल्या गेल्या आणि त्या जागी रानजैतुनाच्या फांदीचे कलम बांधले गेले. ही रानटी फांदी म्हणजे परराष्ट्रीय ख्रिस्ती. कोकणातील बागायतदारास हे रूपक उलटे वाटेल, कारण तो रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतो. खुंट रानटी आणि काडी जातिवंत, हीच तेथील रीत. पौलाच्या झाडात जातिवंत आहे तो खुंट, आणि उपरी आहे ती फांदी. हे निसर्गक्रमाविरुद्ध असल्याची कबुली तो स्वतःच देतो (११:२४). त्यामुळे ही केवळ शहरी लेखकाची शेतीविषयक अनभिज्ञता होती, असे म्हणून सुटका होत नाही. रूपकाचा जोर या उलटेपणातच आहे. नव्या फांदीने मुळाला आधार दिलेला नाही, मूळच तिला धरून आहे, म्हणून तिने तोडलेल्या फांद्यांपुढे मिरवू नये, असा पौलाचा इशारा आहे. तोडलेल्या फांद्या पुन्हा जोडल्या जाऊ शकतात, आणि ईश्वराचे पाचारण मागे घेतले जात नाही (११:२९). स्थानापहाराचा सिद्धांत या अध्यायातून काढावयाचा, तर झाडच उपटून दुसरे लावावे लागेल.

पुढील काळात या प्रश्नाचे केंद्र समूहाकडून व्यक्तीकडे सरकले. जॉन कॅल्विनच्या धर्मतत्त्वग्रंथाच्या १५५९ च्या अंतिम आवृत्तीत काहींचे तारण व काहींचा नाश ईश्वराने अनादि काळापासून ठरविला असल्याचे तर्ककठोर विवेचन आहे; तांदूळ आणि खडे येथे पूर्णतः वेगळे झाले. कार्ल बार्थने १९४२ मध्ये या द्वैतावर घाव घातला. त्याच्या मते निवडलेला आणि नाकारलेला, दोन्ही ख्रिस्तच. ही मांडणी नाझी राजवट चालू असताना प्रसिद्ध झाली, तरीही तिच्यात यहुदी समाज बव्हंशी ईश्वरी न्यायाचे प्रतीक म्हणूनच उरतो, ही तिची उणीव दुर्लक्षिता येत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत केलेल्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राने पौलाच्या जैतुनाकडे पुन्हा लक्ष वेधले. यहुद्यांना ईश्वराने टाकलेले वा शापित असे दाखवू नये, हे त्यात स्पष्ट केले गेले. मात्र त्याच वाक्यात चर्चला ‘नवी प्रजा’ असेही म्हटले आहे. ‘नवी’ म्हटले की जुनीचे काय, हा प्रश्न उभा राहतोच. व्हॅटिकनच्या आयोगाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजाने स्थानापहाराचा सिद्धांत नाकारला, पण दोन्ही निवडी एकत्र कशा नांदतात, हे ईश्वरी गूढ म्हणूनच ठेवले.

भारतात या संकल्पनेला वेगळेच वळण मिळाले. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील व्याख्यानापासून अरविंद निर्मल यांनी ज्या विचाराची पायाभरणी केली, त्या दलित ख्रिस्ती धर्मचिंतनात ‘प्रजा नसलेले’ ही उपाधी पुन्हा केंद्रस्थानी आली. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना ती अलंकारिक वाटण्याचे कारणच नव्हते. येथे कोणाच्याही जागी बसण्याचा दावा नाही. जागाच नसलेल्यांना जागा मिळते, आणि पेत्राच्या पत्रातील मूळ परिस्थितीशी हे वाचन शतकानुशतकांच्या राजमान्य भाष्यांपेक्षा अधिक जवळचे आहे. तथापि निर्मल यांनी या चिंतनासाठी पद्धतीच्या पातळीवर हेतुतः वर्जकतेचा आग्रह धरला. दलितांच्या वेदनेचे धर्मशास्त्र त्या वेदनेतूनच मांडले जावे, इतरांच्या चौकटीत ते बसविले जाऊ नये. हा आग्रह आत्मरक्षणाचा आहे, तोवर त्याचे समर्थन होऊ शकते. त्या कुंपणाच्या आत ‘प्रजा’ या शब्दाचा अर्थ पुन्हा आक्रसतो की काय, हे त्यांच्यानंतरच्या दलित धर्मचिंतकांनी आपापसांत वादाचा विषय केले आहे.