उंदराचा अर्धा ग्रॅम आणि बाळाचे शंभर ग्रॅम

गेल्या पावसाळ्यात प्राथमिक शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही 'आतड्यातील जिवाणू आणि आपला आहार' या विषयावर बोललो. विषय रंजक आहे, चित्रेही भरपूर होती. भाषण संपले, टाळ्या झाल्या आणि जव्हारकडच्या एका बाईंनी हात वर केला. "सर, आमच्या वर्गातली कितीतरी मुलं हडकुळी आहेत. तुम्ही सांगितले ते जिवाणू त्यांच्या पोटात सोडले तर ती भरतील का? की आधी त्यांना पोटभर जेवायला हवं?"

"दोन्ही महत्त्वाचे" अशा धाटणीचे काहीतरी उत्तर आम्ही दिले. बाई खाली बसल्या, पण त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. आमचेही झाले नव्हते. परतीच्या वाटेवर लक्षात आले की भाषणात आम्ही मोठमोठे आकडे सांगितले होते आणि त्यांच्यामागचे लहान आकडे गाळले होते. बाईंना खरे उत्तर द्यायचे तर हे संशोधन पुन्हा एकदा, टीकाकाराच्या नजरेने वाचायला हवे. ते वाचन येथे मांडत आहोत.

आधी ज्याबद्दल वाद नाही ते पाहू. आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्ध पदार्थ यांच्या खालोखाल सर्वांत जास्त असणारा घन पदार्थ म्हणजे एका विशिष्ट प्रकारच्या जोडशर्करा. दर लिटरला त्या साधारण ५ ते १५ ग्रॅम असतात. गंमत अशी की बाळाला त्या पचवता येत नाहीत. बाळाच्या आतड्यात राहणारे बिफिडोबॅक्टेरियम जातीचे काही जिवाणू मात्र त्या पचवतात. जे अन्न बाळाच्या उपयोगाचे नाही ते आईचे शरीर एवढ्या प्रमाणात तयार करते, याचा अर्थ या जिवाणूंना पोसणे हेही दुधाचे एक काम असले पाहिजे. तेव्हा बाळाचे पोषण आणि आतड्यातील जिवाणू यांचा संबंध काल्पनिक नाही. तो किती मोठा आहे आणि कोणत्या दिशेने चालतो, एवढाच प्रश्न आहे.

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेले काम अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत झाले. तेथे जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर असतात. २००४ साली या गटाने अशा उंदरांच्या आतड्यात सामान्य उंदरांचे जिवाणू सोडले. चौदा दिवसांत उंदरांच्या अंगावरची चरबी ६० टक्क्यांनी वाढली आणि तीही आधीपेक्षा कमी खाऊन. २००६ साली पुढचा प्रयोग झाला. एका गटाला लठ्ठ उंदरांचे जिवाणू दिले, दुसऱ्याला सडपातळ उंदरांचे. दोन आठवड्यांत पहिल्या गटाची चरबी ४७ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची २७ टक्क्यांनी.

प्रयोगाची मांडणी सुरेख आहे. लठ्ठ आणि सडपातळ प्राण्यांतील जिवाणू वेगळे आहेत, एवढ्यावर न थांबता जिवाणू बदलून पाहिले. कार्यकारणभाव शोधण्याची ही खरी रीत आहे. पण ४७ आणि २७ हे टक्के कशाचे? उंदराच्या वजनाचे नव्हेत, त्याच्या अंगावरच्या मूळ चरबीचे. उंदराच्या अंगावर चरबी असते दोन-तीन ग्रॅम. म्हणजे दोन गटांतील फरक अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येतो. शिबिरात आम्ही टक्के सांगितले, ग्रॅम सांगितले नाहीत. शिवाय उंदीर स्वतःची विष्ठा खातो, आतड्यात तयार झालेले पदार्थ त्याला पुन्हा पोटात घेता येतात. माणसाचे तसे नाही. तेव्हा उंदरावरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

माणसांत काय दिसले? त्याच वर्षी या गटाने वजन कमी करणाऱ्या १२ लठ्ठ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिवाणूंच्या दोन मोठ्या समूहांचे परस्परप्रमाण वजनाबरोबर बदलते, असा त्याचा निष्कर्ष होता आणि तो पुढे असंख्य लेखांतून फिरला. २०१६ साली दुसऱ्या दोन संशोधकांनी अशा दहा अभ्यासांची माहिती एकत्र करून पुन्हा तपासली. लठ्ठपणा आणि जिवाणू यांचा संबंध सापडला, पण फार क्षीण. एखाद्याचे जिवाणू पाहून तो लठ्ठ आहे की नाही हे भरवशाने सांगता येईल, एवढा तो नव्हता. अनेकांनी सांगितली गेली ती बारा जणांची गोष्ट. दहा अभ्यासांची गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही.

आता लठ्ठपणाकडून कुपोषणाकडे येऊ, कारण बाईंचा प्रश्न तोच आहे. आफ्रिकेतील मलावी देशात जुळ्या मुलांच्या ३१७ जोड्या वयाच्या तीन वर्षांपर्यंत पाहिल्या गेल्या. ४३ टक्के जोड्यांत एक मूल तीव्र कुपोषित झाले आणि दुसरे झाले नाही. घर एक, आई एक, अन्नही साधारण तेच. मग फरक कशामुळे? यातील काही जोड्यांच्या विष्ठेतील जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले आणि उंदरांना मलावीतल्या गरीब घरासारखे मक्याचे अन्न दिले. क्वाशिओरकोर, म्हणजे अंगावर सूज आणणारे कुपोषण, झालेल्या मुलाचे जिवाणू ज्यांना दिले होते ते उंदीर लक्षणीय वाळले. हा निबंध २०१३ साली आला.

'कुपोषणाचे कारण जिवाणू' असे त्याचे सार अनेक ठिकाणी छापले गेले. निबंधात मात्र ते असे नाही. उंदीर वाळले ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर: त्या मुलाचे जिवाणू आणि ते निकृष्ट अन्न. निम्मे वाक्य गाळले की अर्थ पालटतो. गरिबीचे अन्न नजरेआड होते आणि दोष मुलाच्या आतड्यात जाऊन बसतो.

पुढचे काम बांगलादेशात झाले. ढाक्यातील आंतरराष्ट्रीय अतिसाररोग संशोधन केंद्रातले तहमीद अहमद आणि त्यांचे सहकारी गॉर्डन यांच्या गटाबरोबर काम करत होते. निरोगी मुलांच्या आतड्यात महिन्यामहिन्याला कोणते जिवाणू येतात याची त्यांनी पट्टी तयार केली. २०१४ साली दिसले ते असे, की तीव्र कुपोषित मुलांचे जिवाणू त्यांच्या वयापेक्षा लहान बाळाला शोभणारे असतात. उपचाराचा पौष्टिक आहार दिला की ते थोडे सुधारतात आणि आहार थांबला की पुन्हा मागे जातात.

संशोधकांनी याला 'अपरिपक्वता' म्हटले. शब्द चपखल आहे, पण कारण आणि परिणाम यांतला भेद त्याने पुसट होतो. जिवाणू मागे राहिले म्हणून मूल वाढले नाही, की मुलाला वयानुसार अन्न मिळाले नाही म्हणून जिवाणू मागे राहिले? पट्टीने हे ठरत नाही. आपल्या वर्गातले खुरटलेले मूल इयत्तेने मागे असते, पण इयत्ता हे त्याच्या खुरटण्याचे कारण नसते.

या गटाचे मोठेपण असे की ते येथे थांबले नाहीत. कोणत्या अन्नाने हे जिवाणू पुढे सरकतील हे त्यांनी प्राण्यांवर तपासले आणि त्यातून एक पूरक आहार बेतला. त्यात काय होते? हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाणे आणि कच्ची केळी. सोबत साखर, तेल आणि जीवनसत्त्वे-क्षार. आपल्या कोणत्याही किराणा दुकानात आणि बाजारात मिळणारे जिन्नस! उंदराचा हा उपयोग आम्हाला सर्वांत योग्य वाटतो. अंतिम पुरावा म्हणून उंदीर वापरला नाही, पर्याय गाळण्याची चाळणी म्हणून वापरला.

२०२१ साली या आहाराची चाचणी प्रसिद्ध झाली. ढाक्याच्या मिरपूर वस्तीतील १२ ते १८ महिन्यांची, मध्यम कुपोषित अशी १२३ मुले तीत होती. निम्म्यांना हा नवा आहार, निम्म्यांना तांदूळ, डाळ व दूधभुकटीचा नेहमीचा पूरक आहार, दिवसातून दोनदा, तीन महिने. नव्या आहारात उष्मांक १५ ते २० टक्के कमी होते. तरीही ती मुले अधिक भरली.

किती अधिक? उंचीच्या मानाने वजन किती, हे मोजायला एक अंक वापरतात. निरोगी मुलांच्या मध्यमानापासून मूल किती प्रमाण विचलने दूर आहे, हे तो सांगतो. नव्या आहाराने हा अंक दर आठवड्याला ०.०२१ ने वाढला, जुन्याने ०.०१० ने. बारा आठवडे धरा: ०.२५ आणि ०.१२. फरक ०.१३. पाऊण मीटर उंचीच्या कुपोषित बाळाच्या बाबतीत एक विचलन म्हणजे ढोबळमानाने ७०० ग्रॅम. गुणाकार केला की उत्तर येते ९० ते १०० ग्रॅम. हा हिशेब आमचा, कच्चा आहे, पण आठवीचा विद्यार्थीही तो तपासू शकेल.

शंभर ग्रॅम कमी नव्हेत. कमी उष्मांकात ते मिळाले, ही तर खरोखर नवी गोष्ट आहे. अन्नाचे मोल फक्त उष्मांकात नसते, हे येथे तागडीने दाखवून दिले. पण मर्यादाही त्याच निबंधात लिहिलेल्या आहेत. आठवड्याच्या फरकाची शक्यता ०.००१ पासून ०.०२१ पर्यंत पसरलेली आहे. म्हणजे खरा फरक नगण्यही असू शकेल किंवा दुप्पटही. उंचीत लक्षणीय फरक दिसला नाही. आणि दोन आहारांत एकच नव्हे, अनेक गोष्टी वेगळ्या होत्या. वाढीशी निगडित २१ प्रकारचे जिवाणू नव्या आहाराने बदलले, हे दिसले. पण मुले त्या जिवाणूंमुळे भरली, की हरभरा-शेंगदाण्यांमुळे मुले आणि जिवाणू दोन्ही सुधारले, हे एवढ्यावरून सांगता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचे असे की दोन्ही गटांना अन्नच दिले होते. अन्नाऐवजी जिवाणू, अशी ही तुलना नव्हतीच. जिवाणू थेट देण्याच्या चाचण्याही झाल्या आहेत. ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका जिवाणूची आणि त्याला पोसणाऱ्या शर्करेची पुडी आठवडाभर दिली. रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. फार मोलाचे काम. पण त्याचा मुख्य प्रश्न संसर्गाचा होता, भुकेचा नव्हता. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवू नये.

आमचा आक्षेप संशोधकांवर कमी आणि आमच्यासारख्या सांगणाऱ्यांवर जास्त आहे. निबंधात शंका, मर्यादा, 'आणि', 'तर' असतात. भाषणात येईपर्यंत ते गळून पडतात. उरते ते एक चमत्कारिक वाक्य. कुपोषणाच्या बाबतीत हे महागात पडते. मूल वाळते ते आतड्यातील जिवाणूंमुळे, असे एकदा रुजले की डाळ, तेल, दूध यांच्या खर्चापेक्षा पुडी स्वस्त वाटू लागते. विकणारेही तयारच असतात.

वर्गात किंवा पालकसभेत असे काही सांगण्यापूर्वी तीन गोष्टी विचारण्याची सवय आपण लावून घेऊ. हे उंदरात दिसले की मुलांत? टक्के कशाचे, आणि ग्रॅममध्ये किती? ज्यांच्याशी तुलना केली त्यांना काय खायला मिळत होते? या प्रश्नांना प्रयोगशाळा लागत नाही. वर्तमानपत्रातील एक कात्रण आणि फळा पुरे.

त्या बाईंना द्यायचे राहिलेले उत्तर असे: बाई, आधी जेवण. पोटभर, रोज, आणि त्यात हरभरा, शेंगदाणे, केळी असे निरनिराळे जिन्नस. त्या जेवणावर जिवाणूही पोसले जातील. जेवण नसेल तर नुसते जिवाणू सोडून मुले भरतात, असे आम्ही वाचलेल्या यापैकी एकाही निबंधात म्हटलेले नाही. हे आम्ही त्या दिवशीच सांगायला हवे होते.