‘सायलेन्स’ : कादंबरीतले मौन आणि पडद्यावरचे मौन

जपानी कॅथलिक लेखक शुसाकू एंडो (१९२३–१९९६) यांची ‘चिन्मोकू’ म्हणजेच ‘मौन’ ही कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. विल्यम जॉन्स्टन या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९६९ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे ती ‘सायलेन्स’ या नावाने जगभर पोहोचली. तिच्यावर निघालेल्या चित्रपटांपैकी दोन विशेष महत्त्वाचे आहेत. मासाहिरो शिनोदा यांचा १९७१ सालचा चित्रपट हा पहिला. त्याच्या पटकथेत एंडो स्वतः सहभागी होते. दुसरा मार्टिन स्कॉर्सेसी यांचा, २०१६ सालचा. आता तो घरबसल्या पाहता येतो आणि पाहून झाल्यावर आपली माणसे एकच प्रश्न विचारतात : हा चित्रपट धर्मत्यागाचे समर्थन करतो काय? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर द्यायचे तर आधी कादंबरी काय सांगते आणि काय सांगायचे टाळते, हे पाहिले पाहिजे.

वसईच्या वाचकांना नागासाकी हे नाव परके नाही. आपल्या मातीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर, एकूण सव्वीस जणांमध्ये, क्रूसावर भाल्यांनी विद्ध झाले. त्यांचा सण आपण थाटाने साजरा करतो. एंडोंच्या कादंबरीचा काळ त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांचा. १६१४च्या बंदीहुकुमानंतर राज्यकर्त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती : हुतात्म्यांच्या रक्ताने ख्रिस्तसभा खचत नाही, उलट बळावते. म्हणून त्यांनी डाव बदलला. धर्मगुरूला ठार मारायचे नाही, त्याला प्रभू येशूच्या प्रतिमेवर, ‘फुमिए’वर, पाय ठेवायला लावायचे. खड्ड्यात उलटे टांगून, कानामागे छेद देऊन, रक्त थेंबाथेंबाने गळू द्यायचे. १६३३ साली येशूसंघाचे जपानमधील ज्येष्ठ अधिकारी क्रिस्तोव्हांव फरेरा या छळापुढे नमले. हा इतिहास आहे. कादंबरीतील तरुण फादर रॉड्रिग्ज या आपल्या गुरूच्या शोधात लिस्बनहून गोव्याला, गोव्याहून मकावला आणि तेथून चोरट्या वाटेने जपानात उतरतो. (चित्रपटात हा सागरी प्रवास गाळला आहे, गोव्याचे दर्शन होईल या आशेने कोणी पाहू नये.) रॉड्रिग्जही शेवटी फुमिएवर पाय ठेवतो. तो स्वतःच्या वेदनेपायी नव्हे, तर खड्ड्यात टांगलेल्या शेतकऱ्यांच्या सुटकेसाठी.

ऐतिहासिक चित्रपट म्हणून स्कॉर्सेसींची कामगिरी भक्कम आहे. चित्रीकरण तैवानमध्ये झाले असले तरी धुके, चिखल, गवती झोपड्या आणि समुद्र यांत कुठेही देखाव्याचा वास येत नाही. पोर्तुगीज धर्मगुरू आपापसांत इंग्रजी बोलतात, ही गोष्ट सुरुवातीस खटकते. ती सवयीने विसरायची. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. रातकिडे, वारा आणि लाटा एवढ्यावर दिग्दर्शकाने विसंबून राहावे, हे धाडस आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ते फळाला आले आहे. कोठडीतील रात्रीचा प्रसंग पाहा. रॉड्रिग्जला बाहेर कुणीतरी घोरत असल्यासारखे वाटते, पहारेकऱ्याच्या त्या निर्ढावलेपणाची त्याला चीड येते, आणि मग फरेरा सांगतो की ते घोरणे नव्हे, टांगलेल्या माणसांचे कण्हणे आहे. कादंबरीत आपण हे वाचतो. चित्रपटात आपल्याच कानांनी तो आवाज घोरण्याचा ठरवलेला असतो. इथे पडद्याने शब्दांवर मात केली आहे.

दुसऱ्या एका ठिकाणी उलटे झाले आहे. तुरुंगाच्या अंगणात भर दुपारी एका ख्रिस्ती शेतकऱ्याचा अचानक शिरच्छेद होतो. कादंबरीत त्यानंतर काहीच घडत नाही. ऊन तसेच, माशीची गुणगुण तशीच, किड्यांची किरकिर तशीच. जगाला काहीच झालेले नाही, हा रॉड्रिग्जला बसलेला खरा घाव. चित्रपटात मात्र गजांमागून त्याचा आक्रोश उठतो आणि आपले लक्ष त्या निर्विकार दुपारवरून नटाच्या चेहऱ्याकडे जाते.

चेहऱ्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. कादंबरीभर रॉड्रिग्ज ख्रिस्ताच्या मुखाचे चिंतन करतो. ते मुख युरोपीय चित्रकारांनी रंगवलेले, शांत, तेजस्वी, राजस असे आहे. फुमिएवर तो वाकतो तेव्हा त्याला दिसतो तो असंख्य पावलांनी झिजलेला, खचलेला चेहरा. सुंदर मुखाकडून तुडवलेल्या मुखाकडे झालेला हा प्रवास कादंबरीचा कणा आहे. स्कॉर्सेसींनी एल ग्रेको या चित्रकाराने रंगवलेले मुख निवडले आणि ते पाण्यातील प्रतिबिंबात रॉड्रिग्जच्या मुखाशी मिसळून दाखवले. दृश्य म्हणून ते प्रभावी आहे. पण ते मुख इतके देखणे आहे, आणि नायकही इतका देखणा, की झिजलेल्या चेहऱ्याची पाळी येते तेव्हा तो आपल्या मनात पुरेसा ठसत नाही.

फुमिएतून ख्रिस्ताची वाणी ऐकू येते, त्या क्षणीही असेच. जपानी मूळ वाचणारे सांगतात की एंडोंच्या शब्दांत आज्ञा कमी आणि मुभा अधिक आहे. इंग्रजी अनुवादात त्याची आज्ञा झाली. शिवाय पुस्तकात ती वाणी रॉड्रिग्जच्या अंतरंगातली की बाहेरची, हे वाचकाने ठरवायचे. चित्रपटात एका नटाचा प्रत्यक्ष आवाज येतो. स्वर कितीही कोमल असला, तरी प्रेक्षकाला ठरवण्यासारखे काही उरत नाही.

याउलट किचिजिरो हे पात्र चित्रपटात पुस्तकापेक्षाही जिवंत झाले आहे. योसुके कुबोझुका या नटाला याचे श्रेय दिले पाहिजे. किचिजिरो पुन्हा पुन्हा प्रतिमा तुडवतो, धर्मगुरूला पकडून देतो, आणि पुन्हा पुन्हा पापनिवेदनासाठी गुडघे टेकतो. रॉड्रिग्जला त्याची किळस येते. पापनिवेदनाच्या खुर्चीत वर्षानुवर्षे बसलेल्या कोणत्याही धर्मगुरूला ती किळस ओळखीची वाटेल. तेच पाप, तीच माफी, तोच माणूस. छळाच्या काळात पडलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. २५० सालच्या देसियस सम्राटाच्या छळानंतर कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांच्यापुढे तो उभा राहिला होता. ‘त्यांचे काहीच चुकले नाही’ असे उत्तर ख्रिस्तसभेने दिले नाही, आणि ‘दार बंद’ असेही दिले नाही. प्रायश्चित्ताची लांब वाट दिली. एंडोंची कादंबरी त्या वाटेवरची आहे. धर्मत्याग योग्य होता, असे तिच्यात कुठे म्हटलेले मला आढळले नाही. रॉड्रिग्ज पाय उचलतो तेव्हा कोंबडा आरवतो. संत पेत्राची आठवण करून देणाऱ्या लेखकाला समर्थन करायचे असते, तर त्याने तो कोंबडा मध्ये आणलाच नसता.

आता शेवटाकडे येऊ, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

एंडोंनी कादंबरीची रचना फार विचारपूर्वक केली आहे. आरंभी रॉड्रिग्जची पत्रे, म्हणजे ‘मी’. तो पकडला जातो आणि निवेदन ‘तो’वर येते. अखेरीस एका डच कारकुनाची रोजनिशी आणि त्यानंतर ख्रिस्ती बंदिवासातील एका अधिकाऱ्याची कोरडी नोंदवही. माणूस पायरीपायरीने आपल्यापासून दूर नेला जातो. शेवटी उरते ते एक जपानी नाव, शिधा, नोकरचाकर, आणि अमुक दिवशी मृत्यू. त्याचा विश्वास टिकला की नाही, हे नोंदवही सांगत नाही. त्याच्याकडून लेखी धर्मत्याग पुन्हा मागितला गेला, एवढे मात्र तीत येते. एकदाच सोडलेली गोष्ट पुन्हा का सोडायला लावतात, हे वाचकाने आपल्याशी ताडून पाहायचे.

हा शेवट जसाच्या तसा ठेवणे दोघाही दिग्दर्शकांना साधले नाही. शिनोदांनी पदभ्रष्ट धर्मगुरूला त्याच्या गळ्यात बांधलेल्या स्त्रीपाशी आणून सोडले. स्कॉर्सेसींचा कल नेमका विरुद्ध. त्यांच्या चित्रपटात डच निवेदक म्हणतो की या माणसाच्या अंतःकरणाचा निवाडा देवच जाणे. आणि पाठोपाठ कॅमेरा पेटत्या शवपेटीत शिरून रॉड्रिग्जच्या तळहातात मोकिची या हुतात्म्याने कोरलेला चिमुकला क्रूस दाखवतो. निवेदक जे देवावर सोपवतो, ते दिग्दर्शक आपल्याला तिकिटाच्या मोबदल्यात दाखवून टाकतो. त्या पेटीत पाहणारे कुणीही नव्हते. एंडोंच्या लेखी ती जागा देवाची होती.

ते दृश्य पाहून अनेकांचे डोळे पाणावतात, हे मला ठाऊक आहे. त्या क्रूसामुळे चित्रपट श्रद्धावान ठरला आणि भाविकांना स्वीकारार्ह झाला, असेही कोणी म्हणेल. पण ज्या घरात एखादा मुलगा ख्रिस्तसभेपासून दूर गेला आणि तसाच देवाघरी गेला, त्या घरच्या आईला कोणताही कॅमेरा त्याची मूठ उघडून दाखवीत नाही. तिच्या सोबतीला कादंबरीच अधिक प्रामाणिकपणे बसते.

चित्रपट जरूर पाहावा. तो १६१ मिनिटांचा आहे, छळाची दृश्ये कठोर आहेत, लहान मुलांना बसवू नये. मात्र त्यानंतर पुस्तक मिळवावे, आणि अखेरची ती नोंदवही कंटाळवाणी म्हणून गाळू नये. किचिजिरोच्या गळ्यातील ताईतात बंदी घातलेले पवित्र चित्र सापडल्याची नोंद तिथेच आहे, शिधा आणि पहारेकऱ्यांच्या हिशेबामध्ये.