सिझेरियननंतरचा गर्भाशय-व्रण : टाक्यांचे संशोधन आणि पुढचे बाळंतपण – एक समीक्षा

प्रस्तावना

सिझेरियन शस्त्रक्रियेचा इतिहास हा बऱ्याच अंशी गर्भाशय शिवण्याचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मूल बाहेर काढल्यावर गर्भाशयाचा छेद बहुधा न शिवताच सोडला जाई, आणि रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग यांमुळे बहुतेक माता दगावत. 1876 मध्ये इटलीतील एदुआर्दो पोरो यांनी यावर उपाय म्हणून गर्भाशयच काढून टाकले. 1882 मध्ये जर्मनीतील मॅक्स झेंगर यांनी छेद काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत मांडली आणि मातेबरोबर तिचे गर्भाशयही वाचू लागले. पुढे 1920 च्या दशकात ग्लासगो येथील मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागातील आडव्या छेदाचा पुरस्कार केला. हा व्रण उभ्या छेदाच्या व्रणापेक्षा पुढील गरोदरपणात कितीतरी कमी वेळा उसवतो. टाक्याची खरी परीक्षा पुढच्या बाळंतपणात होते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. अलीकडील संशोधनाने ही परीक्षा कितपत घेतली, याचा विचार प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

एकपदरी की दुपदरी?

गेल्या काही दशकांतील वादाचा मुख्य मुद्दा असा : गर्भाशयाचा छेद टाक्यांच्या एका थरात शिवावा की दोन थरांत? एका थरामुळे वेळ वाचतो, म्हणून ती पद्धत लोकप्रिय झाली. परंतु 2002 मध्ये कॅनडातील इमॅन्युएल बुजोल्ड व सहकाऱ्यांनी आधीच्या सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. त्यांत एकपदरी शिवणीनंतर गर्भाशय फाटण्याचा धोका सुमारे चौपट आढळला. नंतरच्या एकत्रित विश्लेषणात हा धोका मुख्यतः अडकवलेल्या, म्हणजे ‘लॉक’ केलेल्या, एकपदरी टाक्याशी निगडित दिसला. साध्या एकपदरी टाक्याबाबत तसे ठरले नाही. अडकवलेला टाका स्नायूला घट्ट आवळतो. आवळलेल्या कडांना रक्तपुरवठा कमी पडला तर व्रण कमजोर भरतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे ‘एकपदरी’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न क्रिया मोजल्या जात होत्या.

2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोरोनिस’ चाचणीत भारतासह सात देशांतील 15,935 स्त्रिया सहभागी होत्या. एकपदरी व दुपदरी शिवण, तसेच क्रोमिक कॅटगट व पॉलिग्लॅक्टिन-910 हे धागे यांची तुलना तीत झाली. मुख्य निकष होते मृत्यू, जंतुसंसर्ग, पुन्हा शस्त्रक्रिया आणि रक्त द्यावे लागणे, तेही पहिल्या सहा आठवड्यांपर्यंत. फरक आढळला नाही. 2016 मध्ये सुमारे तीन वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष आले, त्यांतही शिवणीच्या प्रकाराने ठळक फरक दिसला नाही. नेदरलँड्समधील 2021 च्या ‘टूक्लोज’ चाचणीने नऊ महिन्यांनंतर पाळीपश्चात होणारा ठिबकता रक्तस्राव मोजला. तेथेही दुपदरी शिवण सरस ठरली नाही.

या चाचण्यांचे मोल मोठे आहे. तरीही ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा सरसकट घेणे सदोष ठरते. एका आडव्या छेदानंतर नैसर्गिक प्रसूतीच्या प्रयत्नात गर्भाशय फाटण्याचे प्रमाण साधारणतः दोनशेत एक असते. इतक्या विरळ घटनेतील फरक टिपण्यास हजारो स्त्रियांची पुढची बाळंतपणेही अपुरी पडू शकतात. जे सहज मोजता येते ते आधी मोजले गेले, आणि व्रणाच्या आयुष्याचा प्रश्न मागे राहिला.

जिल्ह्याचे वास्तव

महाराष्ट्रात सिझेरियनचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2015-16 मधील 20.1 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 25.4 टक्क्यांवर गेले. म्हणजे व्रण घेऊन पुढच्या बाळंतपणाला सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढतच आहे. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याच्या एका टोकाला अकोल्याचा सह्याद्री आहे, तर दुसऱ्या टोकाला जामखेड-पाथर्डीचा अवर्षणप्रवण पट्टा. या पट्ट्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात. पहिले सिझेरियन एका तालुक्यात, तर दुसऱ्या बाळंतपणाच्या कळा कारखान्याच्या परिसरातील कोपीवर, हे तेथे अशक्य नाही. अशा वेळी डॉक्टरांसमोर पोटावरची खूण असते. पण आतला छेद आडवा होता की उभा, तो वरपर्यंत फाटला होता का, टाके किती थरांत घातले, हे त्या खुणेवरून कळत नाही. चाचणीतील स्त्रीची नोंद तिच्या मागे मागे जाते. ऊसतोड करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत अशी खात्री देता येत नाही.

याच जिल्ह्यात 1970 मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. कमी शिकलेल्या, अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवून त्यांनी गरोदर स्त्रीची देखरेख गावातच शक्य करून दाखवली. व्रणाच्या दृष्टीने या अनुभवाचा अर्थ महत्त्वाचा आहे. दोन बाळंतपणांतील अंतर फार कमी असल्यास गर्भाशय फाटण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपर्यंत किमान 24 महिन्यांचे अंतर राखावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाची शिफारस आहे. हे अंतर शस्त्रक्रियागृहात ठरत नाही. ते घरात, सासू-सुनेच्या आणि नवरा-बायकोच्या बोलण्यात ठरते, आणि तेथवर पोहोचते ती गावातलीच बाई.

निष्कर्ष

उपलब्ध पुराव्यावरून एकपदरी वा दुपदरी शिवणीचा आग्रह धरण्यास पुरेसा आधार नाही. घट्ट अडकवलेला एकपदरी टाका मात्र टाळणे श्रेयस्कर. याहून निकडीच्या बाबी दोन आहेत. पहिली, छेदाचा प्रकार व शिवणीचा तपशील मराठीत लिहून मातेच्या हाती देणे. दुसरी, लोणीच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या, 1984 पासून जिल्ह्यात अध्यापन करणाऱ्या संस्थांनी पुढच्या बाळंतपणापर्यंतचा पाठपुरावा हाच संशोधनाचा विषय करणे. टाका शल्यविशारद घालतो. तो टिकवण्याची जबाबदारी मात्र त्याच्या एकट्याची राहत नाही.